वाईड रिसीव्हर : बॉल हाताला लागतो, पण टिकत नाही. नेमकं काय सुधारायचं?

फ्रिस्कोकर

नमस्कार मंडळी, टेक्सासात डॅलसजवळच्या फ्रिस्कोहून विचारतोय. प्रश्न अमेरिकन फुटबॉलचा आहे, पायाने खेळायच्या फुटबॉलवाल्यांनी राग मानू नये.

मुलगा नववीत, शाळेच्या फ्रेशमन टीममध्ये वाईड रिसीव्हर (पास झेलणारा) आहे. वेग आहे, रूट (ठरलेली पळायची वाट) नीट पळतो. आधी क्रिकेट खेळायचा, पॉइंटला फील्डिंग बरी होती, त्यामुळे "हात चांगले आहेत" असा सगळ्यांचा समज. पण प्रॅक्टिसचे व्हिडिओ हळू करून पाहिले की तीनच प्रकारच्या चुका पुन्हा पुन्हा दिसतात.

१. छातीच्या उंचीवर सरळ येणारा, सगळ्यात सोपा वाटणारा बॉल शोल्डर पॅडवर आपटून उडतो.
२. गो रूटवर (सरळ पुढे लांब पळताना) खांद्यावरून येणारा बॉल बोटांना लागून पुढे निघून जातो. हात फार लवकर वर जातात असं वाटतं.
३. कॅच नीट होतो, दोन-तीन पावलं पळतो आणि मागून कोणी हात घातला की बॉल बाहेर.

कोच "लुक इट इन" आणि "हाय अँड टाइट" एवढंच ओरडतात. मैदानावर पोरांची जत्रा असते, प्रत्येकाला बसून समजावणं त्यांना शक्य नाही हे कळतं. हात नेमके कसे ठेवायचे, क्रिकेटच्या सवयी आड येतात का, घरामागच्या अंगणात बापलेकांना काय करता येईल, ग्लोव्जनी फरक पडतो का, आणि कॅच पूर्ण झाला असं नियमाने कधी म्हणतात? टीमचा क्वार्टरबॅक (पास फेकणारा) डावखुरा आहे, त्याने काही बदलतं का तेही सांगा.

यार्डेज

तिन्ही चुकांच्या मुळाशी बहुधा नजर आहे. पण आधी हातांचं सांगतो, ते लवकर उरकतं.

ऑफिशियल साईझचा बॉल टोकापासून टोकापर्यंत सुमारे ११ इंच, पोटाचा घेर २१ इंचांच्या आसपास, वजन १४ ते १५ औंस, म्हणजे चारशे ग्रॅमच्या मागेपुढे. नीट फेकलेला बॉल टोक पुढे करून स्वतःभोवती फिरत येतो. ते टोक तळहातावर आदळलं की बॉल उडणारच. टोकाच्या मागे जो फुगत जाणारा भाग असतो, म्हणजे बॉलचा पुढचा अर्धा, तो पकडायचा असतो. टोक दोन हातांच्या मधल्या फटीत शिरायला हवं आणि त्याच क्षणी बोटं त्याच्याभोवती मिटायला हवीत.

जर्सीवरचे नंबर ही सीमा धरा. बॉल नंबरांवर किंवा त्याच्या वर आला तर अंगठे आत: दोन्ही अंगठे आणि दोन्ही तर्जन्या एकमेकींना जेमतेम टेकतील असा त्रिकोण, बाकी बोटं पसरलेली पण सैल. त्रिकोण मोठा झाला की बॉल त्यातून निसटून थेट फेसमास्कवर येतो. बोटं ताठ ठेवली की बॉल त्यांवरून उसळतो. पोटाखाली आलेल्या बॉलला करंगळ्या आत, तळवे वर. बॉल बाजूला, पण कमरेच्या वर आला तर तोच त्रिकोण आडवा फिरवायचा आणि दोन्ही हात तिकडे न्यायचे. एकच हात पुढे करून दुसरा मागून आणणं ही सवय सुरुवातीलाच मोडा.

आता तुमची चूक क्रमांक १. नंबर ते बेंबी हा पट्टा सगळ्यात फसवा. इथे अंगठे आत की करंगळ्या आत, हे डोकं ठरवत बसतं आणि तेवढ्यात बॉल पॅडवर पोचलेला असतो. यावर उपाय हातांचा नाही, गुडघ्यांचा आहे. दोन्ही गुडघे वाकवून अंग खाली घेतलं की तोच बॉल डोळ्यांसमोर येतो आणि अंगठेवाली पकड आपोआप लागते. कर्ल आणि हिच रूटवर हे सहज जमतं, कारण रिसीव्हर तिथे क्वार्टरबॅककडे वळलेला असतो. शिवाय तिथे उभं राहून वाट बघायची नाही, बॉलच्या दिशेने दोन पावलं चालून यायचं. आपण थांबलो की मागचा कॉर्नर (रिसीव्हरला अडवणारा बचावपटू) पुढे घुसतो.

बॉल अंगापासून फूट-दीड फूट पुढे भेटला पाहिजे, कोपरं किंचित वाकलेली. अंगावर घेतला तर दोन तोटे. शोल्डर पॅड हे कडक प्लास्टिकचं कवच आहे, त्यावरून बॉल उडतो. आणि बॉल छातीपर्यंत येऊ देणं म्हणजे मागच्या खेळाडूला हात घालायला तेवढी जागा फुकट देणं. अपवाद एकच: धो धो पावसात पोटाशी आलेला छोटा पास दोन्ही हातांनी अंगाशी कवटाळला तर मी पोराला बोलणार नाही.

आता नजर. रिसीव्हरच्या हातातून सुटणाऱ्या बॉलांपैकी पुष्कळसे शेवटच्या हातभर अंतरात सुटतात. पोरगा बॉल येताना बघतो, हाताला लागायच्या क्षणी मान वळवून पुढे कोण आहे ते बघतो, आणि बोटं अर्धवट मिटतात. हातातोंडाशी आलेला घास जातो तो असा. "लुक इट इन"चा अर्थ एवढाच की बॉल हातात आणि तिथून काखेत जाईपर्यंत डोळ्यांनी सोबत करायची. हनुवटी छातीकडे झुकलेली दिसली पाहिजे. तुमचे व्हिडिओ परत लावा, हात बघू नका, हेल्मेट बघा. बॉल लागताना फेसमास्क कुठे वळलेला आहे? मैदानाकडे असेल तर हातांवर मेहनत करून काही उपयोग नाही.

अख्ख्या बॉलकडे बघू नये, पुढच्या टोकाकडे बघावं. नामवंत रिसीव्हर लॅरी फिट्झजेराल्डचे हात सगळे नावाजतात, पण लहानपणी शिकागोत त्याच्या ऑप्टोमेट्रिस्ट आजोबांनी त्याच्याकडून डोळ्यांचे व्यायाम करून घेतले होते, हे फार कमी लोकांना ठाऊक असतं.

टेपबॉल

यार्डेज यांना +१. क्रिकेटच्या बाजूने भर घालतो.

क्रिकेटमधून येणाऱ्या मुलाला दोन गोष्टी आयत्या मिळतात. उंच बॉलखाली जागा घेणं, आणि बॉल लागताना हात मागे घेऊन वेग मारणं. दोन गोष्टी मात्र विसरायला लागतात.

पहिली, ओंजळ. कमरेच्या वरचा सरळ बॉलसुद्धा बोटं खाली ठेवून पोटाशी घ्यायची सवय असते. क्रिकेटचा बॉल गोल आणि १६० ग्रॅमच्या आसपास, ओंजळीत मावतो. हा अडीचपट जड, लांबट, आणि ओंजळीच्या बाहेर दोन्हीकडून डोकावणारा. छातीच्या उंचीवर ओंजळ केली की बॉल मनगटांवर लागून वर उडतो. तुमची चूक क्रमांक १ मला तरी इथूनच आलेली वाटते. मुलाला उंच कॅचसाठी बोटं आकाशाकडे ठेवून चेहऱ्यासमोर घ्यायची 'ऑस्ट्रेलियन' पद्धत येत असेल तर सोपं होईल. तीच पद्धत छातीपर्यंत खाली आणायची, फक्त अंगठे एकमेकांवर चढवायचे नाहीत, शेजारी ठेवायचे.

दुसरी, हात मागे घेण्याचं प्रमाण. क्रिकेटमध्ये हात छातीपर्यंत मागे आले तरी चालतं, कारण मध्ये कोणी हात घालणार नसतो. इथे कोपरं चार-सहा इंच वाकली की पुरे. बाकीचा वेग बोटांनी मारायचा.

डावखुऱ्या क्वार्टरबॅकचं: उजव्या हाताने फेकलेला बॉल रिसीव्हरला घड्याळाच्या उलट फिरताना दिसतो, डाव्या हाताने फेकलेला घड्याळाच्या दिशेने. उलट फिरणारा बॉल बोटांवर वेगळ्या बाजूने घासतो आणि लांब पास हवेत किंचित दुसऱ्या अंगाला सरकतो. उजव्या हाताचा साधारण फेकणाऱ्याच्या उजवीकडे, डाव्या हाताचा डावीकडे. तंत्र बदलायचं नाही, फक्त त्याच्याकडूनच भरपूर बॉल घ्यायचे. मुलगा घरी उजव्या हाताच्या बाबांकडून आणि शाळेत डाव्या हाताच्या मित्राकडून बॉल घेतो आहे, याची कोचला कल्पना असू द्या.

यार्डेज

चूक क्रमांक २ राहिली होती.

गो रूटवर हात लवकर वर काढले की दोन गोष्टी होतात. हात हलायचे थांबतात म्हणून वेग कमी होतो, आणि बॉलकडे पाठ करून पळणाऱ्या कॉर्नरला बॉल आला हे कळतं. तो बॉल बघत नसतो, रिसीव्हरचे हात आणि डोळे बघत असतो. अक्षरशः हात दाखवून अवलक्षण. बॉल हातभर अंतरावर येईपर्यंत हात धावण्याच्या लयीतच राहिले पाहिजेत. मग एकदम दोन्ही बाहेर, करंगळ्या जवळ, तळवे वर, कोपरं फार फाकलेली नकोत.

बॉल बोटांना लागून पुढे जातो त्याचं कारण बहुतेकदा पावलात असतं. बॉल चुकेल या भीतीने मुलं शेवटी लांब ढांगा टाकतात, टाच आपटते, डोकं हादरतं आणि बॉल डोळ्यांसमोर नाचायला लागतो. चवड्यांवर पळत राहायला सांगा. आणि झेप घ्यायची ती खरोखर गरज असेल तरच. पळत राहून मिळणारा बॉल झेप घेऊन गमावण्याची हौस या वयात फार असते.

बॉल भलत्या खांद्यावरून आला तर धड वळवू नये, मान झटकन दुसरीकडे न्यावी. तेवढ्या क्षणात बॉल दिसत नाही, पण वाट ठाऊक असते. पास कमी पडला आणि थांबून उडी मारायची वेळ आली तर करंगळ्या विसरा. तिथे अंगठे आत, हात पूर्ण वर, आणि उडीच्या सर्वोच्च बिंदूला बॉल. खाली येण्याची वाट बघणाऱ्याचा बॉल दुसरा कोणी नेतो.

अंगणातल्या सरावाचं:

बॉलला चार पट्ट्या असतात. प्रत्येकीवर जाड मार्करने १ ते ४ आकडे लिहा. बॉल काखेत बंद करताना वरच्या बाजूला जो आकडा असेल तो मुलाने मोठ्याने सांगायचा. फिरत्या बॉलवर आकडा वाचता येत नाही, तो हातात थांबल्यावरच दिसतो, त्यामुळे शेवटपर्यंत बघण्यावाचून गत्यंतर नसतं. अंदाजाने ठोकायला लागला की लगेच कळतं.

पाच यार्डांवरून, मुलगा दोन्ही गुडघ्यांवर. घड्याळाच्या काट्यांप्रमाणे १२, २, ३, ४, ६ असे एकेका जागी पाच-पाच बॉल, मग डावी बाजू. पाय बाद झाल्यामुळे हात आणि नजर एवढंच उरतं. पट्टीचा फेकणारा असायची गरज नाही, खालून हळू फिरवून टाकलेला बॉलही चालतो.

सात-आठ यार्डांवर पाठ करून उभं करा, बॉल सुटतानाच "बॉल!" म्हणा. मान आधी वळते, मग खांदे, मग पाय. उलट क्रमाने वळला तर बॉल कानावर बसेल आणि तो आपणच शिकेल.

आईला किंवा धाकट्या भावंडाला पोहायच्या तलावातली फोमची नळी देऊन बॉलच्या वाटेत नाचवायला लावा. बॉलला लावायची नाही, नजरेसमोरून फिरवायची. सामन्यात लाईनबॅकरचा (मधल्या फळीतल्या बचावपटूचा) हात असाच मध्ये येतो.

शंभर बॉल पुरेत. आणि एकही कॅच हातात संपता कामा नये: कॅच, नजर, टक (बॉल काखेत बंद करणं), तीन पावलं. नुसते कॅच घेऊन बॉल परत भिरकावला तर शरीर तेच शिकतं.

एका हाताचे कॅच? २३ नोव्हेंबर २०१४ ला न्यूयॉर्क जायंट्सच्या ओडेल बेकहमने डॅलस काउबॉइजविरुद्ध तो कॅच घेतल्यापासून प्रत्येक पोराला तेच करायचं असतं. वॉर्मअपमध्ये दहा करू द्या, बोटांची ताकद वाढते. दोन्ही हात पोचत असताना सामन्यात एकच वापरला तर कोचने बसवलं म्हणून तक्रार करू नका.

चिमटा

क्रमांक ३ वर लिहितो, कारण तिथे सामने हरतात. सुटलेला पास म्हणजे फक्त एक डाऊन (चारांपैकी एक प्रयत्न) वाया. फंबल, म्हणजे ताब्यातला बॉल सुटणं, त्यात बॉलच जातो.

पाच ठिकाणी दाब लागतो. उजव्या हातात बॉल असेल तर: पुढच्या टोकावर तर्जनी आणि मधलं बोट फाकवून, टोक दोघांच्या बेचक्यात, तळहात, बॉलच्या खालून पूर्ण लांबीत कोपराखालचा हात, मागचं टोक कोपराच्या खळगीत दंडाशी दाबलेलं, आणि पाचवी बरगडी. "हाय अँड टाइट" मधला 'हाय' म्हणजे मनगट कोपराच्या वर, बॉलचं पुढचं टोक जवळजवळ कॉलरबोनपाशी. 'टाइट' म्हणजे कोपर आणि बरगडी यांच्यात उजेड दिसता कामा नये. मागे उभे राहून बघा. बॉल दिसला तर तो मागच्या खेळाडूलाही दिसतो.

बॉल जातो कसा? तीन वाटा. मागून कोपराच्या फटीत मूठ. वरून मनगटावर हात मारून पुढचं टोक उघडं पाडणं. किंवा खालून बॉलच्या पोटावर ठोसा. हा ठोसा शिकागो बेअर्सच्या चार्ल्स टिलमनने कलेच्या पातळीला नेला. 'पीनट पंच' म्हणतात त्याला. २०१२ च्या एका सीझनमध्ये त्याने दहा फंबल घडवले. आज शाळेतला कॉर्नरसुद्धा त्याचे व्हिडिओ बघून येतो, म्हणजे तुमच्या मुलासमोरचा प्रत्येक जण ठोसा मारणार हे धरूनच चाला.

हे वरच्या वर्गाला गेल्यावर आपोआप सुधारतं असं नाही. न्यूयॉर्क जायंट्सचा टिकी बार्बर हा नावाजलेला रनिंग बॅक, पण फंबलसाठी बदनाम होता. २००४ मध्ये टॉम कॉफलिन कोच म्हणून आल्यावर त्याची बॉल धरायची पद्धतच बदलली. बॉल वर, अंगाशी उभा. त्यानंतर फंबल झपाट्याने कमी झाले. तोवर तो कितीतरी वर्षं एनएफएलमध्ये, म्हणजे व्यावसायिक लीगमध्ये, खेळलेला होता.

कोणत्या हातात? साईडलाईनकडच्या. उजव्या साईडलाईनने पळताना उजव्या, म्हणजे टॅकल करणारा (धरून पाडणारा) आणि बॉल यांच्यामध्ये आपलं अंग. मैदानाच्या मध्ये, स्लँट किंवा डिग रूटवर, हा प्रश्नच नाही. तिथे दोन्ही बाजूंनी लोक येतात, म्हणून एका हातात टक आणि दुसऱ्या हाताचा तळवा बॉलच्या वर. धडक होणार हे दिसलं की दोन हात, नेहमी. बॉल एका हातातून दुसऱ्यात न्यायचा तर मोकळ्या मैदानात आणि छातीला घासत. गर्दीत बदलू नये, चुकीच्या हातात असला तरी.

पडताना बॉलचा हात जमिनीवर टेकून स्वतःला सावरायची उबळ येते. ती मोडायला गवतावर मुद्दाम पडायचा सराव करा: खांद्यावरून लोळण, बॉल वरच्या अंगाला, दोन्ही हात त्यावर.

बापलेकांचा सराव: मुलाने टक करून चालायचं, तुम्ही मागून येऊन कधी कोपराच्या फटीत हात घालायचा, कधी टोक ओढायचं, कधी खालून ठोसा. कधी काय ते आधी सांगायचं नाही. चालताना टिकला की हळू धावत. बॉलवर थोडं पाणी टाकून पुन्हा.

एक विचारतो, उन्हाळ्यात ७-ऑन-७ खेळला का? टेक्सासात जवळपास सगळेच खेळतात. तिथे टॅकल नाही, हात लागला की प्ले संपला, बॉल पडला तरी जातो असं नाही. दोन-तीन महिने पोरं बॉल ब्रेडसारखा हातात लटकवत पळतात आणि ऑगस्टमध्ये पॅड चढले की फंबल सुरू. कॅच आणि रूटसाठी ७-ऑन-७ उत्तम, टकसाठी घातक.

फ्रिस्कोकर

खेळला, जून-जुलै पूर्ण. आत्ता कळलं. आणि हो, व्हिडिओत हेल्मेट बघितलं: चुकलेल्या जवळपास प्रत्येक बॉलवर फेसमास्क एंड झोनकडे (गोल लाईनपलीकडच्या पट्ट्याकडे).

पण मग एक शंका. चिमटा यांचं वाचून त्याला "पटकन टक कर" असं सांगू का?

यार्डेज

नका. "पटकन टक" ऐकलेला मुलगा बॉल हातात स्थिरावण्याआधी काखेकडे ओढतो आणि मधल्या मध्ये सोडतो. क्रम ठरलेला: बोटं मिटली, नजरेने खात्री, मग टक.

चिमटा

इथे थोडा मतभेद. क्रम बरोबर, पण मधल्या वेळेचे लाड करू नयेत. स्लँटवर कॅच आणि धडक यांच्यात श्वास घेण्याइतकाही वेळ नसतो. बॉल चेहऱ्यासमोर धरून "खात्री" करणाऱ्याच्या हातातून सेफ्टी (सगळ्यात मागचा बचावपटू) तो उडवतो. नजर बॉलवर ठेवूनच टक करायचा, दोन वेगळ्या पायऱ्या नकोत. कर्लवर मोकळा असेल तर यार्डेज म्हणतात तसं सावकाश चालेल.

यार्डेज

मान्य. स्लँटसाठी तसंच. नवशिक्याला मात्र आधी पायऱ्या तोडून, मग जोडून शिकवावं असं माझं मत कायम आहे.

झेब्रा

नियमांबद्दल कोणीच बोललं नाही, म्हणून मी.

तुम्ही टेक्सासात आहात हे महत्त्वाचं. बहुतेक राज्यांत शाळेचे सामने हायस्कूल फेडरेशनच्या नियमांनी होतात, टेक्सासात मात्र थोडे फेरफार करून कॉलेजचे, म्हणजे एनसीएएचे नियम चालतात. टीव्हीवर एनएफएल बघून घरात वाद घालू नका, ते तिसरंच.

कॉलेजच्या नियमाने कॅचसाठी: बॉल जमिनीला लागण्याआधी हातांनी किंवा बाहूंनी पक्का ताबा, अंगाचा कोणताही भाग मैदानाच्या आत टेकणं, आणि खेळातली पुढची एखादी कृती करता येईल इतका वेळ तो ताबा टिकणं. एक पाय आत टेकला की पुरे, एनएफएलमध्ये दोन लागतात. साईडलाईनवर सराव करताना मात्र दोन्ही पाय घासत आणायची सवय लावा, एक चुकला तरी दुसरा असतो. रेघेला लागलेला पाय बाहेरच धरतात.

कॅच घेताना पडत असेल तर जमिनीवर आदळून होईपर्यंत ताबा टिकला पाहिजे. आदळल्यावर बॉल सुटून जमिनीला लागला तर पास अपूर्ण. बॉल जमिनीला नुसता लागला पण हातात हलला नाही, तर कॅच. म्हणून बॉलच्या खाली हात असणं इतकं मोलाचं.

याची एनएफएलमधली आवृत्ती डॅलसच्या आसपासच्या माणसाला सांगायला नको. ११ जानेवारी २०१५, ग्रीन बे, चौथ्या डाऊनवर डेझ ब्रायंटने एंड झोनच्या तोंडाशी घेतलेला कॅच रिव्ह्यूनंतर रद्द झाला, कारण पडताना बॉल जमिनीवर हलला. काउबॉइज २६-२१ हरले. पुढे २०१८ मध्ये एनएफएलने नियम बदलला: ताबा, दोन पाय, आणि तिसरं पाऊल किंवा बॉल पुढे नेण्यासारखी एखादी कृती. जमिनीवर आदळेपर्यंत टिकवण्याची अट तिथून गेली. कॉलेजच्या नियमात ती आहे, म्हणजे तुमच्या मुलाला ती लागू.

उलट कॅच पूर्ण झाल्यावर, पळताना गुडघा किंवा कोपर टेकला की शाळा-कॉलेजात प्ले तिथेच संपतो, कोणी हात लावलेला असो वा नसो. घसरून पडल्यावर उठून पळायची घाई करू नये, एनएफएलमधलं ते इथे चालत नाही.

आणि गोल लाईनजवळ बॉलचा हात पुढे लांबवण्याचा मोह. तिथे सुटलेला बॉल समोरच्यांच्या एंड झोनमधून मैदानाबाहेर गेला तर टचबॅक: बॉल त्यांचा, २० यार्डांवर. पहिल्या डाऊनला तर हा जुगार अजिबात खेळू नये. रेघ ओलांडण्याआधीच आनंदाने बॉल सोडणारेही आहेत. फिलाडेल्फियाच्या डीशॉन जॅक्सनने २००८ मध्ये डॅलसविरुद्धच तसं केलं होतं. बॉल रेफरीच्या हातात द्या, मग नाचा.

फिजिओवहिनी

बोटांचं सांगते. बोटांची टोकं येणाऱ्या बॉलकडे रोखलेली असली की बॉल टोकावर आदळतो आणि शेवटचं पेर जबरदस्तीने वाकतं. त्यानंतर पेर खाली लोंबलं आणि स्वतःहून सरळ होत नसलं तर ते 'मॅलेट फिंगर', वरचा स्नायूबंध तुटलेला असतो. दुखत नाही म्हणून सोडून देऊ नका. साधारण ६ ते ८ आठवडे पट्टीत सतत सरळ ठेवावं लागतं, पट्टी बदलतानाही वाकू द्यायचं नाही. एकदा वाकलं तर दिवस पुन्हा पहिल्यापासून मोजतात. उलट, जर्सी ओढताना बोटाला हिसका बसला आणि शेवटचं पेर वाकेनासं झालं तर त्याच आठवड्यात हँड सर्जनकडे, तिथे थांबून चालत नाही. निखळलेलं बोट मैदानावर कोणी काकांनी ओढून बसवू नये. ट्रेनर असतो, मग एक्स-रे.

ग्लोव्ज: तळव्याला सिलिकॉनसारखा चिकट थर असतो, फरक नक्की पडतो, ओल्यात आणि थंडीत जास्त. बोटांच्या टोकाला जास्तीची जागा उरता कामा नये, उरली तर पकड कापडावर जाते. धूळ बसली की चिकटपणा जातो, ओल्या फडक्याने पुसा, सावलीत वाळवा. ड्रायरमध्ये टाकलेत की संपले. वरून काही चिकट फासणं नियमबाह्य आहे, एनएफएलनेच १९८१ मध्ये 'स्टिकम'वर बंदी घातली. सरावातले निम्मे बॉल उघड्या हातांनी घेऊ द्या, नाहीतर बोटं आळशी होतात.

बालेवाडी

पुण्यातून विचारतोय. आम्ही फ्लॅग फुटबॉल खेळतो, पाच-पाचचं, टॅकलऐवजी कमरेचा फ्लॅग ओढायचा. २०२८ च्या लॉस एंजेलिस ऑलिंपिकमध्ये आल्यापासून पोरं वाढली आहेत. वरचं टकचं सगळं आम्हालाही लागू का? यार्डेजदादा, चिमटादादा, कोणीही सांगा.

चिमटा

कॅचचं सगळं लागू. टकचं अर्धंच, बाबा. फ्लॅगमध्ये बॉल जमिनीवर पडला की प्ले तिथेच संपतो, त्यामुळे फंबलची धास्ती नाही. पण बॉलचा हात कमरेशी आणलास आणि त्याने फ्लॅग झाकला गेला तर 'फ्लॅग गार्डिंग'चा दंड बसतो. म्हणून बॉल वर, छातीशी, कोपर अंगालगत, आणि मोकळा हात फ्लॅगपासून लांब. टॅकलवाले पोटावर दोन्ही हात कवटाळून खाली वाकतात, ते तर अजिबात नको. वाकलं की कोपरं थेट फ्लॅगवर येतात.

पुण्यात २०१२ मध्ये एलिट लीगच्या 'पुणे मराठाज'मधून टॅकल खेळलेले काही जण असतील, त्यांच्याकडून शिकत असाल तर हा फरक त्यांना आठवण करून दे.

बालेवाडी

आमच्याकडे तोच घोळ होतो, दर सामन्यात दोन-तीन दंड. आणखी एक, बॉल फार कडक लागतो, बोटांना लागून उडतो. हवा किती हवी?

यार्डेज

एनएफएलचं माप १२.५ ते १३.५ पीएसआय. सायकलच्या दुकानात नुसतं दाबून हवा भरतात, तिथे बॉल सहज जास्त फुगतो. सुई लावायच्या आधी ओली कर, कोरडी घातली की व्हॉल्व्ह फाटतो. स्वस्त गेज मिळतो तो घे, आणि दुपारच्या उन्हात ठेवलेला बॉल मोजू नकोस, गरम हवेने आकडा जास्त दिसतो. नवा बॉल असेल तर हवेइतकाच त्याचा गुळगुळीतपणा नडतो. ओलसर कापडाने पुसून वरचा मेणचट थर काढ, मग कडक ब्रशने चांगला घास, टोकांकडे जास्त.